फक्त तीस दिवस

शास्त्रवाचन : दानीएल ६:१-१०



दानीएलाचा सहावा अध्याय म्हटला की आपल्याला सिंहच आठवतात. संडे स्कूलमध्ये आपण चित्रंही सिंहांचीच रंगवली. पण आज सिंहांपर्यंत जायचं नाही. दहाव्या वचनाशी थांबायचं, आणि त्याआधी सातव्या वचनातला एक आकडा नीट बघायचा. तो आकडा आहे तीस.

दारयावेश राजाने राज्यावर १२० अधिकारी नेमले, त्यांच्यावर तीन अध्यक्ष, आणि दानीएल त्या तिघांपैकी एक. त्याचं वय तेव्हा ऐंशीच्या आसपास असावं. विरोधकांनी त्याच्या कामात खोट शोधली, सापडली नाही. मग त्यांनी राजाकडून एक फर्मान काढून घेतलं : तीस दिवस राजाशिवाय कोणाकडेही, देवाकडे नाही आणि माणसाकडेही नाही, काही मागायचं नाही.

हे फर्मान किती चतुर आहे बघा. तिसऱ्या अध्यायात सोन्याच्या पुतळ्यापुढे वाका असा हुकूम होता. इथे कोणापुढे वाकायला सांगितलेलं नाही. यहोवाला नाकारा असंही म्हटलेलं नाही. फक्त एक महिना त्याच्याकडे काही मागू नका, एवढंच. महिना संपला की पुन्हा सुरू करा, कोण अडवतंय? दानीएलाला खिडकी लावून मनातल्या मनात प्रार्थना करता आली असती. आपल्यातल्या किती जणांनी त्याला तोच सल्ला दिला असता, सांगा बरं.

जगिकपणा मला वाटतं असाच येतो. तो देव नाही असं म्हणत नाही. तूर्त देवाला विचारायची गरज नाही, एवढंच म्हणतो.

आपल्या सभांमध्ये वक्ते म्हणतात की जग नास्तिक होत चाललं आहे. मी जळगाव जामोदला राहतो, आणि मला इथे नास्तिक शोधावा लागेल. शेगाव जवळ, वाऱ्या-दिंड्या सतत चालू. आमच्याच तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावसापाण्याचं भाकीत ऐकायला शेतकरी आणि टीव्हीवाले शेतात उभे असतात. हे लोक देवाला विसरलेले आहेत असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. आणि सरकारच्या धर्मनिरपेक्षतेबद्दलही माझी तक्रार नाही. संविधानाच्या २५व्या कलमाने आपल्याला श्रद्धा बाळगायला, पाळायला आणि सांगायला मोकळीक दिली आहे. आपल्यासारख्या मूठभर लोकांनी त्याबद्दल देवाचे आभारच मानावेत.

मग फर्मान कुठून निघतं? आपल्याच घरातून.

मी गणित शिकवतो, तेव्हा अभ्यासाच्या विरोधात बोलणारा मी माणूस नाही. पण आमच्या घरगुती उपासनेला येणारी वीस-पंचवीस माणसं मोजली तर त्यात अकरावी-बारावीचं पोर हल्ली दिसत नाही. नीटचा क्लास लावला की रविवारी सकाळी टेस्ट. आईवडील म्हणतात, दोनच वर्षं आहेत, मग येईलच. इथेही "फक्त"च आहे, तीस दिवसांच्या जागी सातशे तीस. आणि त्या दोन वर्षांत घरात प्रार्थना होते ती कशासाठी? मार्कांसाठी. मुलाला त्यातून कळतं ते हे : मार्क महत्त्वाचे, देव मार्कांचा मदतनीस. मार्क मिळाल्यावर मदतनीस लागतो कशाला?

माझा भाचा पुण्याला कंपनीत आहे. गुणी पोरगा, निर्व्यसनी, घरी नियमित पैसे पाठवतो. दिवाळीच्या सुट्टीत आला होता, तेव्हा मी विचारलं, तिकडे चर्चला जातोस का रे? तो सरळ म्हणाला, "नाही मामा. खोटं कशाला बोलू? मी विरोधात नाहीये. पण तुम्हीच बघा, ताप आला तर तुम्हीही डॉक्टरकडेच जाता. पाऊस कधी येणार ते मोबाईलवर बघता. कर्ज हवं तर बँकेत जाता. मग देव नक्की कुठे लागतो?"

माझ्या बहिणीला हे ऐकून रडू आलं. मला मात्र त्याचा राग आला नाही. प्रश्न प्रामाणिक आहे, आणि त्याला "असं बोलू नये" हे उत्तर नाही.

त्याच्या प्रश्नात देव म्हणजे उरलेल्या कामांचा खातेप्रमुख आहे. जे डॉक्टरला जमत नाही, बँकेला जमत नाही, ते त्याच्या टेबलावर जातं. असा देव असेल तर दवाखाने वाढतील तसा तो लहान होणारच. पण दानीएलाकडे बघा. राज्यात डॉक्टर, ज्योतिषी, हिशेबनीस, सगळे त्याच्या हाताखाली होते. काही अडलं म्हणून तो माडीवर जात नव्हता. दहावं वचन पुन्हा वाचा : दिवसातून तीन वेळा गुडघे टेकायचे, प्रार्थना करायची आणि आभार मानायचे. मरणाचं फर्मान सहीशिक्क्यासह निघालं आहे आणि हा माणूस आभार मानतो आहे! मागणं त्याच्या पुढच्या वचनात येतं. ज्याच्याशी आपलं नातं आहे त्याच्याशी बोलायला काम पडावं लागत नाही. भाच्याला मी एवढंच विचारलं, "तू आईला फोन करतोस तो काय अडलं म्हणून करतोस का?" तो काही बोलला नाही. मीही पुढे ताणलं नाही.

आणखी एक. खिडकी यरुशलेमेकडे उघडी होती, पण त्या काळी तिथलं मंदिर पडलेलं होतं. म्हणजे दानीएल भग्नावशेषाकडे तोंड करून प्रार्थना करत होता. शलमोनाने मंदिर बांधलं तेव्हाच परक्या देशात धरून नेलेल्या लोकांनी या दिशेला वळून प्रार्थना करावी असं म्हटलं होतं (१ राजे ८:४८). आपल्याकडे मंडळी लहान आहे, पाळक रोज नाही, गाणी सुरात होत नाहीत, म्हणून ज्यांचं मन उठतं त्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता कोणी म्हणेल, दानीएलाची गोष्ट जुनी, आणि ती खिडकीही बाबेलमधली. मग आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट घ्या. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. विधवा आणि निराधार मुलींची ही शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असा शब्द त्यांनी दिला होता. हिंदू मुलींना आपले आचार पाळायची मोकळीक होती. आजच्या भाषेत सांगायचं तर एका ख्रिस्ती बाईने चालवलेली ती सेक्युलर संस्था होती. बाईंनी शब्द पाळला, वर्गात धर्म शिकवला नाही. पण स्वतःच्या खोलीत मुलगी मनोरमेबरोबर त्या प्रार्थना करायच्या, तेव्हा दार बंद करत नसत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या.

यावरून १८९३ साली पुण्यात मोठं वादळ उठलं. केसरीने झोड उठवली. रानडे, भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळातली मोठी माणसं बाजूला झाली, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. दार लावून घेतलं असतं तर यातलं बरंच टळलं असतं. बाईंनी ते लावलं नाही. त्या कोणाला आत बोलावत नव्हत्या. आत येऊ नका असं म्हणायलाही त्या तयार नव्हत्या.

विरोधकांची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. आपली मुलगी दुसऱ्या धर्मात जाईल ही धास्ती कोणत्याही आईबापाला असते, मलाही असती. पण हेही बघा : सदनातल्या सुरुवातीच्या मुलींपैकी गोदूबाई हिंदूच राहिल्या आणि त्याच १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला. उघड्या दाराने त्यांच्यावर जबरदस्ती केली नव्हती. मला इथे साक्षीचा खरा नमुना दिसतो. काम चोख, दिलेला शब्द पक्का, आणि दार उघडं. आपण बहुतेक वेळा उलटं करतो. स्टेटसला रोज वचन, आणि ऑफिसात डबा उघडताना डोळे मिटायची लाज.

दानीएलाने सगळंच नाकारलं नव्हतं हेही सांगायला हवं, कारण काही घरांत विश्वासूपणा म्हणजे टीव्ही बंद, मोबाईल बंद, मुलांचे मित्र बंद. पहिल्या अध्यायात त्याने परकं नाव घेतलं, खास्द्यांची भाषा आणि विद्या शिकला, राजाची नोकरी पत्करली. राजाच्या ताटाला मात्र नाही म्हणाला. यिर्मयानेही बंदिवानांना लिहिलं की घरं बांधा, मळे लावा, त्या नगराचं भलं मागा (यिर्मया २९:५-७). रेष कुठे ओढायची हे प्रत्येक घराने बसून ठरवायचं. पण फर्मान निघण्याआधी ठरवायचं. दानीएलाने त्या दिवशी नवीन काही केलं नाही, आधी करत होता तेच केलं. ज्याला सवयच नव्हती त्याने त्या दिवशी खिडकी उघडली नसती.

आमच्या मंडळीतल्या एक आजी कापूस वेचायला जातात. त्यांना अक्षर येत नाही. सकाळी धुऱ्यावर दोन मिनिटं उभ्या राहतात, मग कामाला लागतात. बाकीच्या बाया थांबतात. एकदा मी विचारलं, त्या हसत नाहीत का? म्हणाल्या, "पयले हासत. आता माह्यी झाली का नाही ते पाह्यतात, मंगच सुरू करतात."

रविवारी टेस्ट असलेल्या मुलांच्या आईवडिलांना माझी एक विनंती आहे. टेस्ट बुडवा असं मी म्हणत नाही. शनिवारी रात्री जेवणाआधी दहा मिनिटं मुलाला जवळ बसवा, एक अध्याय वाचा, आणि त्या दहा मिनिटांत मार्कांचं नाव काढू नका. फक्त आभार माना.

प्रार्थना : हे प्रभू, ज्या घरांत आज तुझं नाव फक्त निकालाच्या दिवशी निघतं, तिथे एक खिडकी उघड. पुण्या-मुंबईला गेलेल्या आमच्या लेकरांना तू सोडू नकोस. त्यांचे प्रश्न ऐकायला आम्हाला धीर दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.

उद्याचं वाचन : दानीएल ६:११-२८