साधनवर्णन : यंत्रवाचकासाठी लेखन

सूचनाफलक किंवा माहितीपत्रक लिहिताना आपल्यासमोर माणूस हा वाचक असतो. या पाठात ज्या लेखनाचा परिचय करून घ्यावयाचा आहे, त्याचा पहिला वाचक यंत्र आहे.

प्रस्तावना

वापरकर्त्याचे म्हणणे समजून घेऊन त्याच्यासाठी काम पार पाडणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीला ‘एजंट’ म्हणतात. (विम्याचा एजंट येथे अभिप्रेत नाही.) एजंट ही कामे ‘टूल’च्या साहाय्याने करतो. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत टूल म्हणजे लेथवर धातू कापणारे हत्यार. येथे मात्र ते ठरावीक काम करणारा लहानसा प्रोग्रॅम होय. त्यास आपण ‘साधन’ म्हणू. साधनाची अंतर्गत रचना एजंटला सहसा दिसत नाही. त्याचे नाव, त्याला पुरवावयाच्या माहितीचा तपशील आणि काही वाक्यांचे वर्णन, एवढ्यावरच त्याला निर्णय घ्यावा लागतो. अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या खुल्या पद्धतीतही साधनाची ओळख अशीच करून दिली जाते.

विवेचन

समजा, निगडीतील प्रवाशांसाठी एका एजंटला ‘बस शोधा’ हे साधन दिले आहे. त्याचे वर्णन असे : “बसची माहिती देते.” वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, परंतु उपयोगाच्या दृष्टीने निकामी आहे.

बसच्या पाटीवरील ‘मनपा’ म्हणजे शिवाजीनगरजवळील पुणे महानगरपालिका. निगडी मात्र पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत येते आणि तिची मुख्य इमारत पिंपरीत आहे. ‘मनपात घरपट्टी भरायची आहे’ असे म्हणणाऱ्या आजोबांना कोणती बस सांगावी? थांब्यावरचा शेजारी सहज विचारतो, “आजोबा, कोणती मनपा?” एजंटही विचारू शकतो, पण येथे विचारण्याजोगे काही आहे, हे वर्णनाने त्याला कळवावयास हवे. तीच गोष्ट ‘साडेसहा’ची, सकाळचे की सायंकाळचे? ‘परवा’ हा शब्द तर मराठीत मागेही जातो आणि पुढेही.

आता सुधारित वर्णन पाहा :

“दोन थांब्यांदरम्यान थेट धावणाऱ्या बसच्या नियोजित वेळा शोधते. बस प्रत्यक्षात कोठे आहे, हे सांगत नाही. भाडेही सांगत नाही. थांब्याचे पूर्ण नाव द्यावे. प्रवासी नुसते ‘मनपा’ म्हणाल्यास पुण्याची की पिंपरी-चिंचवडची, हे आधी विचारावे. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने व वेळ २४ तासांच्या पद्धतीने द्यावी, उदा. सायंकाळी साडेसहासाठी १८:३०. रिकामी यादी आल्यास त्या दिवशी दिलेल्या वेळेनंतर थेट बस नाही, असे समजावे. ‘माहिती अनुपलब्ध’ असे उत्तर आल्यास बस नाही असे सांगू नये. वेळापत्रक तपासता आले नाही, असे सांगावे.”

यातील शेवटची दोन वाक्ये आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटतात. ‘बस नाही’ आणि ‘बस आहे की नाही ते कळले नाही’ ही दोन भिन्न विधाने आहेत. निगडीहून चाकणच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला जाणाऱ्या कामगाराला चुकून पहिले विधान सांगितले गेले, तर तो घरी थांबतो आणि त्याचा दिवसाचा रोज बुडतो. साधनच दोन्ही प्रसंगी रिकामी यादी देत असेल, तर कितीही चांगल्या भाषेने हा दोष झाकला जाणार नाही. अशा वेळी लेखकाने प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडे परत जावे. पुष्कळदा वर्णन लिहू लागल्यावरच असा दोष प्रथम लक्षात येतो.

वर्णन लांबले की स्पष्ट होते, असेही नाही. ते सहसा एजंटपुढे प्रत्येक संभाषणात ठेवले जाते. तेथे ‘अत्याधुनिक’, ‘प्रभावी’ यांसारखी विशेषणे केवळ जागा अडवतात. ‘तक्रार नोंदवा’ यासारखे साधन मात्र नुसती माहिती शोधत नाही, तर नोंद करते. म्हणून ‘वापरकर्त्याची संमती घेतल्याखेरीज वापरू नये’ हे त्याच्या वर्णनात स्पष्टपणे यावे.

स्वाध्याय

१. ‘तक्रार नोंदवा’ या साधनाचे वर्णन सुमारे ६० शब्दांत लिहा. एकच तक्रार दोनदा आल्यास काय होईल, हे त्यात यावे.
२. आपल्या गावातील एकाहून अधिक ठिकाणांना लागू पडणारे एक स्थलनाम शोधा आणि त्यासाठी वर्णनात कोणते वाक्य घालावे लागेल, ते लिहा.