मीठ आणि मूग

मिठावाचून आपल्या स्वयंपाकाचे चालत नाही. परंतु तेच मीठ रोपास मानवते काय, हे पाहण्यासाठी आम्ही चार कुंड्यांत सारखीच माती भरून प्रत्येकीत १० मूग पेरिले. ऊन व पाण्याचे माप एकच ठेविले. फरक काय तो मिठाचा. एक लिटर पाण्यात अनुक्रमे ०, २, १० व ३५ ग्रॅम मीठ विरघळविले. शेवटचे प्रमाण सुमारे समुद्राच्या पाण्याइतके होय.

पहिल्या कुंडीतील रोपे जोमाने वाढली. दुसरीतील खुजी राहिली. तिसरीत क्वचित एखादा कोंब दिसला. चौथीत एकही नाही.

याचे कारण असे की, मुळांतील रसाहून बाहेरचे पाणी अधिक खारे झाले म्हणजे ते मुळांत शिरत नाही. मातीत ओल असूनही रोप तहानेने मरते. म्हणूनच कोकणात खाडीचे पाणी शेतात शिरू नये यासाठी शेतकरी बांध घालितात. बांध फुटला की भाताचे पीक हातचे जाते. अबीमलेखाने शखेम नगर पाडून तेथे मीठ पेरिले, या शास्ते पुस्तकातील वृत्तान्ताची दाहकताही येथे कळते.

विद्यार्थ्यांनी हा प्रयोग घरी अवश्य करावा व रोज नोंद ठेवावी. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. एरव्ही परिणाम दिसेल, पण कारण सापडणार नाही.