अग्निसुरक्षेचा परवाना आणि प्रमाणपत्र

आग प्रतिबंधक साधने बसविणे व त्यांची देखभाल करणे हा आता कोणीही करावा असा व्यवसाय राहिलेला नाही. 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' अन्वये त्यासाठी महाराष्ट्र अग्निशमन सेवेच्या संचालकांचा परवाना लागतो. साधने सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र मालकाने वा भोगवटादाराने दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत, नमुना 'ब'मध्ये सादर करावयाचे असते.

खरी मेख येथेच आहे. भिंतीवर गुंडाळलेला होज पाइप दिसतो. पंप सुरू होतो की नाही, टाकीत पाणी आहे की नाही, हे मात्र साधने चालवून पाहिल्याखेरीज कळत नाही. म्हणूनच प्रत्यक्ष देखभाल झालेली नसताना प्रमाणपत्र देण्यास अधिनियमाने अभिकरणांना मनाई केली आहे. जेथील माणसांना स्वतःहून बाहेर पडता येत नाही, तेथे तर ही चाचणी विशेष कसोशीने व्हावयास हवी. भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी लागलेल्या आगीत दहा नवजात बालके दगावली.

अभिकरण नेमले म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही. शाळेच्या मुख्याध्यापकांनी परवान्याची मुदत पाहावी आणि चाचणीच्या वेळी स्वतः हजर राहावे, हे उत्तम.