वाहनाच्या काचा, आरसे व कुलुपे : विद्युत-दोष कसा शोधावा?

पैनगंगेच्या खोऱ्यातील किनवट हा डोंगराळ व आदिवासीबहुल तालुका. जिल्ह्याचे ठिकाण असलेले नांदेड येथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. अशा भागात रुग्णवाहिकेचे दार ऐन वेळी न उघडणे ही केवळ गैरसोय नव्हे. तो रुग्णाच्या जिवाचा प्रश्न ठरतो. म्हणून वाहन ज्यांच्या ताब्यात असते, त्यांना दोष-शोधनाचा क्रम ठाऊक असणे इष्ट होय.

प्रथम दोष किती दारांत आहे ते पाहावे. सर्व काचा एकदम बंद पडल्यास फ्यूज, रिले किंवा मुख्य तार तपासावी. चालकाची काच चालते, परंतु इतरांच्या स्विचने काचा हलत नाहीत, असे असेल तर चालकाकडील काच-बंदीचे बटण दाबले गेले आहे काय, हे आधी पाहावे. एकाच दारात बिघाड असल्यास त्या दाराचा स्विच, तार वा मोटार सदोष असते.

मोटारीचा जोड सोडून तिच्याकडे येणाऱ्या दोन तारांमध्ये १२ व्होल्टचा तपासणी-दिवा लावावा आणि स्विच वर व खाली दाबावा. दोन्ही वेळा दिवा पेटला तर दोष मोटारीत; एकाच दिशेला पेटला तर बहुधा स्विचमध्ये; मुळीच न पेटल्यास बिजागरीजवळील रबरी नळीतील तारा पाहाव्यात. दार उघडता-मिटता त्या आतून तुटतात. वरचे आवरण मात्र शाबूत दिसते. मोटारीचा आवाज येऊनही काच किंवा कुलूप हलत नसेल, तर दोष विजेचा नसून यंत्रणेचा असतो.

आरशात बहुधा दोन लहान मोटारी असतात. आरसा एकाच अक्षात हलत नसेल, तर त्या मोटारीचा किंवा तारेचा दोष संभवतो. मुळीच हलत नसेल, तर फ्यूज, स्विच व सामाईक तार पाहावी. संगणकीय नियंत्रणाच्या नव्या वाहनांसाठी मात्र तज्ज्ञ कार्यशाळाच गाठावी.

जळालेल्या फ्यूजच्या जागी अधिक अँपिअरचा फ्यूज किंवा तांब्याची तार कदापि घालू नये; त्यामुळे आग लागू शकते. पावसाळ्यापूर्वी दाराच्या तळाची पाणी वाहून जाण्याची छिद्रे मोकळी करावीत. मोटार बदलण्याचे देयक मंजूर करण्यापूर्वी ही तपासणी झाली आहे काय, एवढे विचारले तरी सार्वजनिक पैशाची बचत होईल व वाहन गरजेच्या वेळी उपयोगी पडेल.