शिखरावरचे बेट

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस, टोरेस सामुद्रधुनीत, ब्रॅम्बल के नावाचे एक चिमुकले बेट आहे. समुद्रापासून त्याची उंची जेमतेम तीन मीटर. या बेटावर तपकिरी रंगाचा एक लहानसा उंदीर राहत असे. जगात इतरत्र तो कोठेही आढळत नसे. समुद्राची पातळी वाढू लागली, वादळी लाटा वारंवार बेटावर चढू लागल्या आणि ज्या हिरवळीवर उंदीर जगत होता ती खाऱ्या पाण्याने बहुतेक नष्ट झाली. २०१४ साली शास्त्रज्ञ तेथे गेले. काही उंदीर पकडून सुरक्षित स्थळी त्यांची पैदास करावी, असा त्यांचा मानस होता. त्यांनी सापळे लावले. पण एकही उंदीर सापडला नाही. २०१९ साली ऑस्ट्रेलियाच्या सरकारने ही जात नामशेष झाल्याचे जाहीर केले. मदत गेली, पण ती उशिरा गेली.

मुलांनो, बेट केवळ समुद्रातच असते असे नाही. उंच पर्वताचे शिखर हेही एक प्रकारचे बेटच होय. आपला सह्याद्री दक्षिणेकडे केरळात जातो, तेथे आनमुडी हे २,६९५ मीटर उंचीचे शिखर आहे. हे शिखर एरविकुलम राष्ट्रीय उद्यानात येते. ९७ चौरस किलोमीटरांचे हे रान १९७५ साली अभयारण्य आणि १९७८ साली राष्ट्रीय उद्यान झाले. येथील गवताळ पठारांवर आणि उभ्या कड्यांवर निलगिरी ताहर हा रानबकरा निर्भयपणे वावरतो. थंड हवा आणि मोकळे गवत हेच त्याचे घर.

पृथ्वी तापत चालली, की ही थंड हवा हळूहळू वर सरकते. समुद्राचे पाणी बेटावर चढते, तशी येथे उष्णता डोंगरावर चढते. ताहरही वर जाईल. परंतु शिखराच्या वर केवळ आकाश आहे! मग त्याने कोठे जावे?

अभयारण्याची सीमा नकाशावर शाईने आखलेली असते; ती जागची हलत नाही. हवामान मात्र त्या रेषेला जुमानीत नाही. म्हणून संरक्षित क्षेत्र ठरविताना प्राणी आज कोठे आहे एवढेच पाहून भागत नाही. पन्नास वर्षांनी तो कोठे राहू शकेल, हेही पाहावे लागते. उंच-सखल अशी सर्व प्रकारची भूमी क्षेत्रात घ्यावी लागते. विलायती बाभूळ, निलगिरी यांसारख्या लावलेल्या झाडांनी जेथे कुरण व्यापले, तेथे पुन्हा गवत वाढवावे लागते. शिवाय सारी भिस्त एकाच ठिकाणावर ठेवता येत नाही. पालघाटच्या सखल खिंडीपलीकडे निलगिरी पर्वतात मुकुर्ती राष्ट्रीय उद्यान आहे. तेथेही ताहर राखले आहेत. एके ठिकाणी संकट आले, तरी दुसरीकडे जात टिकून राहावी, हा यातील हेतू.

एका रानातून दुसऱ्या रानात जाण्याची वाटही मोकळी हवी. महाराष्ट्रात पेंच व्याघ्रप्रकल्पाजवळून जाणारा महामार्ग नऊ ठिकाणी उंच उचलला आहे. वरून मोटारी धावतात; खालून वाघ, हरणे आणि रानडुकरे निर्वेधपणे जातात.

हे काम एकट्या सरकारचे नव्हे. एरविकुलमच्या रक्षणात मुथुवन आदिवासींचा हातभार आहे. रान ओळखणारी माणसे सोबत असली, तरच रान टिकते. ब्रॅम्बल केच्या उंदराला आपण परत आणू शकत नाही; ताहरासाठी मात्र अजून वेळ आहे.

शब्दार्थ : मानस – इच्छा. नामशेष – केवळ नाव उरलेले. भिस्त – भरवसा. निर्वेध – अडथळ्याशिवाय.

स्वाध्याय
१. शिखराला बेट का म्हटले आहे?
२. संरक्षित क्षेत्र ठरविताना कोणत्या गोष्टी पाहाव्या लागतात?
३. ‘मदत गेली, पण ती उशिरा गेली.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.