जुलाबात घरचे मीठ-साखर-पाणी

पावसाळ्यात वस्तीत जुलाब-उलट्या वाढतात. मानपाड्याच्या चाळीत लहान मुलाला जुलाब झाले की घरात दोन चुका हमखास होतात. एक, ‘पाणी दिले तर जुलाब वाढतील’ म्हणून पाणी तोडणे. दुसरी, सलाइनशिवाय बरे वाटत नाही असे समजून दिवसाची मजुरी दवाखान्यात घालवणे. जुलाबात जीव जातो तो बहुधा अंगातले पाणी आणि क्षार संपल्याने. ते तोंडाने भरून काढता येतात.

१९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजायला नातेवाइकांनाच शिकवले. शंभरात सुमारे ३० मृत्यू होत होते, ते ४ च्या आत आले.

कृती : उकळून गार केलेले १ लिटर पाणी, साखर ६ सपाट चहाचे चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. नीट ढवळा, चव घ्या. अश्रूंपेक्षा खारट लागले तर ओतून द्या. जास्त मीठ बाळाला घातक असते. झाकून ठेवा, २४ तासांनी नवे करा. आशाताईंकडे ओआरएसची पुडी मिळाली तर तीच आधी वापरा.

किती द्यावे : दर जुलाबानंतर २ वर्षांखालील बाळाला पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप. उलटी झाली तर १० मिनिटे थांबून चमचा-चमचा पाजा. अंगावरचे दूध बंद करू नका. पेज, मऊ भात, वरणाचे पाणी चालू ठेवा. झिंकच्या गोळ्या मिळाल्या तर जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करा.

पिण्याचे पाणी : तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. म्हणून पाणी उकळा किंवा जीवनड्रॉप घाला. हंड्यात हात न बुडवता ओगराळ्याने पाणी घ्या.

घरी थांबू नका : शौचात रक्त, डोळे खोल गेलेले, लघवी बंद, मूल सुस्त किंवा पाणीही पीत नाही, यातले एकही दिसले तर लगेच सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात न्या. वाटेतही पाणी पाजत राहा.

अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः अंघोळ घातली, ही कथा विनयपिटकात आहे. येत्या पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर हे पाणी सर्वांसमोर करून दाखवा. एका घराला आलेले ज्ञान दहा घरांत जावे.