पाचवी दुधाची, सहावी कायमची

१. “दाढ दुधाचीच हाय ना डॉक्टर? पडून जाईन मंग, कायले भरता?” हिवरखेडला दवाखाना टाकलात तर हे वाक्य रोज ऐकाल. लेकरू सात वर्षांचं, दाढ खालची, मागची, काळी पडलेली. आता आकारावर जाऊ नका. दुधाची दुसरी दाढ ही कायमच्या पहिल्या दाढेची धाकटी बहीण असल्यासारखीच दिसते. दोघींनाही गालाकडे तीन आणि जिभेकडे दोन असे पाच उंचवटे. सरळ मोजा. मधल्या रेषेपासून पाचवी ती दुधाची, सहावी ती कायमची. एकही दात न पडता ही मागून गुपचूप येते, म्हणून घरात कुणाला पत्ताच नसतो. मी आरसा आईच्याच हातात देतो नि तिलाच मोजायला लावतो. माझ्या व्याख्यानापेक्षा ते लवकर पटतं.

२. तक्ते पाठ करा, कंटाळा आला तरी. ही सहावी, कायमची दाढ जन्माच्या सुमारास कठीण होऊ लागते, अडीच-तीन वर्षांत तिचा माथा तयार होतो, सहाव्या वर्षी ती हिरडीबाहेर येते. मुळांची टोकं मात्र ९-१० वर्षांपर्यंत उघडीच असतात. म्हणजे सातव्या वर्षी कीड खोल गेली, तरी आधी नस जिवंत ठेवायची धडपड करायची. नस मेली की मूळ तिथंच अर्धवट थांबतं.

३. इनॅमल घडवणाऱ्या पेशी दात उगवताना संपतात. गेलेलं इनॅमल शरीर पुन्हा बनवत नाही, म्हणूनच दाढ भरायची.

४. खालचे पुढचे दात दुधाच्या दातांमागून उगवले की आई घाबरते. दुधाचा दात हलत असेल तर बहुतेक वेळा जिभेच्या रेट्यानं नवा पुढं सरकतो. वरच्या दातांतली फटही सुळे उतरले की, म्हणजे ११-१२ व्या वर्षी, बरेचदा मिटते. तारा लावायची घाई पालकांना असते, तुम्हाला नको.

५. जुलाब आणि सणसणीत ताप दातांच्या माथी मारू देऊ नका. सहाव्या महिन्यात दात येतो, त्याच वयात लेकरू जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं. ओआरएस सांगा, बालरोगतज्ज्ञाकडे धाडा.

६. “उपटूनच टाका” म्हटलं तरी दुधाची दुसरी दाढ वाचत असेल तर वाचवा. ती अवेळी गेली की सहाव्या वर्षी आलेली दाढ पुढं सरकते, आणि ११-१२ व्या वर्षी येणाऱ्या उपदाढेला जागाच उरत नाही. काढावीच लागली, तर जागा राखणारी पट्टी त्याच बैठकीत समजावून सांगा. दुखणं थांबलेलं लेकरू सहसा परत दवाखान्यात येत नाही.